राउटरची तुलना करण्याआधी किट्टूरचं एक्स्चेंज समजून घ्या

नेटवर्किंगमध्ये संशोधन करायचं म्हटलं की 'तुलनात्मक अभ्यास' हा विषय हमखास सुचतो. टेलिकॉम कंपन्या वापरतात ते दोन मोठे राउटर घ्यायचे, माहितीपत्रकातले आकडे शेजारीशेजारी मांडायचे आणि मोठा आकडा तो विजयी. पण थांबा. तो आकडा कोणता भार टाकून मोजलाय, हे तुम्ही विचारलंत का? आपल्या देशात टेलिफोन एक्स्चेंज निवडताना हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी आला होता.

१९८०च्या सुमारास आपली बहुतेक एक्स्चेंज स्ट्रोजर नाहीतर क्रॉसबार पद्धतीची, म्हणजे हलणाऱ्या भागांची होती. १९८२ मध्ये सरकारने फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेल कंपनीशी करार केला. तिचं ई-१०बी हे डिजिटल एक्स्चेंज उत्तर प्रदेशातल्या मनकापूरला आयटीआयच्या कारखान्यात बनवायचं ठरलं. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपयांत देशी डिजिटल एक्स्चेंज उभं करायचं, हे तिचं काम. सॅम पित्रोदांचं नाव सगळ्यांना माहीत असतं; पण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एम. व्ही. पिटके यांच्यासारखे संशोधकही या कामाच्या मुळाशी होते.

आता अणदूरसारखं गाव डोळ्यांसमोर आणा. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं, तुळजापूर तालुक्यातलं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, धूळ असते, विजेचा भरवसा नाही. मोठ्या डिजिटल एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची. ती इथे कुठून आणणार? शिवाय त्या काळात गावोगावी फोन मोजके आणि एकेका फोनवर अख्खी गल्ली बोलणार. यात्रेच्या दिवसांत तर विचारूच नका. पाश्चात्त्य देशांत नेमकं उलट होतं: फोन घरोघरी, पण एकेका फोनचा वापर कमी.

याने काय फरक पडतो, ते गणिताने बघू. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांगने १९१७ मध्ये एक सूत्र मांडलं. समजा गावात १०० फोन आहेत, सगळे कॉल बाहेरगावचे आहेत आणि बाहेर जाणाऱ्या लाइन ११ आहेत. गर्दीच्या तासात प्रत्येक फोन ३ मिनिटं वापरला, तर एकूण भार ५ एरलांग होतो आणि शंभरातला जेमतेम एक कॉल लागत नाही. तोच फोन १२ मिनिटं वापरला, तर भार २० एरलांग होतो आणि जवळजवळ निम्मे कॉल लागत नाहीत! यंत्र तेच, फोन तेवढेच. बदलली ती फक्त माणसांची सवय.

सी-डॉटने सुरुवात केली ती या परिस्थितीपासून. त्यांचं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज कमी वीज खाणारं होतं आणि एसीशिवाय चालायचं. पहिलं बसलं १९८६ मध्ये, आपल्या सीमेलगतच्या बेळगाव जिल्ह्यात, किट्टूरला. मोठ्या शहरांसाठीचं एक्स्चेंज मात्र ३६ महिन्यांच्या मुदतीत पूर्ण झालं नाही. शहरांमध्ये ई-१०बी बसत राहिलं आणि १९९१ नंतर सीमेन्स, एरिक्सन यांची यंत्रंही आली.

म्हणून 'देशी जिंकलं की विदेशी?' हा प्रश्नच मला संशोधनाच्या दृष्टीने कच्चा वाटतो. कुठल्या गावात, किती उन्हात, किती मिनिटांच्या वापराला, हे ठरवल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

राउटरचंही तसंच आहे. एक गिगाबिटच्या इथरनेट लाइनवर १५१८ बाइटच्या फ्रेम पाठवल्या, तर सेकंदाला सुमारे ८१ हजार फ्रेम हाताळाव्या लागतात. ६४ बाइटच्या पाठवल्या, तर सुमारे १४ लाख ८८ हजार. 'एक गिगाबिट' हे लेबल दोन्हीकडे खरं, पण राउटरवरचं काम अठरा पट. १९९९च्या आरएफसी २५४४ मध्ये चाचणी वेगवेगळ्या आकारांच्या फ्रेम घेऊन करायला सांगितलंय, ते यासाठीच.

तेव्हा तुमचा प्रस्ताव लिहाल तेव्हा पहिल्या पानावर यंत्रांची नावं नकोत. आधी भार लिहा: वापरणारे कोण, गर्दीचा तास कोणता, पॅकेटचा आकार केवढा, खोलीचं तापमान किती, वीज किती तास असते. हे आकडे शक्यतो स्वतः मोजून आणा. मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न बहुधा यावरच असेल, आणि कोणता राउटर कशासाठी चांगला, हेही तुम्हाला नीट सांगता येईल.