कोशाच्या दारावरचा पहारेकरी

ज्ञानकोश म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे केतकरांचे खंड उभे राहतात. छापील कोशाला पाने मोजून मिळत. कोणाला घ्यावयाचे आणि कोणाला गाळावयाचे, हे संपादकाला ठरवावेच लागे. आजच्या विकिपीडियाला पानांची ददात नाही. तरी दारावर पहारा आहेच. पहारेकरी मात्र हौसेने राबणारे स्वयंसेवक.

या पहाऱ्याची एक हकीकत ऐकण्याजोगी आहे. २०१८ च्या मार्चमध्ये, कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियाकडे आला. मे महिन्यात तो नाकारला गेला. दिलेल्या संदर्भांवरून बाई दखलपात्र ठरत नाहीत, असा शेरा पडला. पुढे २ ऑक्टोबरला, आपल्याकडे गांधीजयंतीची सुटी असताना, स्टॉकहोमहून बातमी आली. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्थर ॲश्किन, जेरार मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांना! मेरी क्यूरी (१९०३) आणि मारिया गोपर्ट मायर (१९६३) यांच्यानंतर या विषयात हा मान मिळविणारी ही तिसरीच स्त्री. आणि कोशात तिचे पान नाही. गुरू मूरू यांचे पान मात्र आधीपासून होते.

बरे, काम काही कालपरवाचे नव्हते. ते १९८५ चे, अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातले. बाई तेव्हा मूरूंच्या विद्यार्थिनी. लेसरचा स्पंद फार प्रखर करू गेले की प्रखर करणारे साधनच त्या तेजाने बिघडे. या दोघांनी युक्ती काढली ती अशी: स्पंद आधी ताणून लांबवावयाचा, म्हणजे त्याचा जोर विरळ होतो, मग तो वाढवावयाचा आणि शेवटी पुन्हा आवळावयाचा. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत आज ही युक्ती उपयोगी पडते.

पहारेकऱ्याला हसणे सोपे आहे. मला तसे हसवत नाही. माणसाविषयी तिऱ्हाइतांनी काय लिहिले आहे ते पाहावे, हा त्याचा नियम शहाणपणाचाच आहे. संस्थेने स्वतःच्या माणसाचे गायलेले गोडवे पुरावा मानले, तर आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे सगळे अध्यक्ष कोशात जाऊन बसतील! वृत्तपत्रे आणि ग्रंथकार ज्या स्त्रियांविषयी लिहीत नाहीत त्या कोशात येणार कोठून, अशी बाजू विकिपीडियाच्या चालकांनी नंतर मांडली. ती खरी, पण माझ्या मते अर्धीच खरी.

कारण त्याच कोशात प्राध्यापकांसाठी एक निराळा नियम होता. अध्यापकांची चरित्रे वर्तमानपत्रांत सहसा येत नाहीत, हे ओळखूनच तो केलेला. मोठ्या विद्वत्सभेने निवडून दिलेले सन्माननीय सभासदत्व त्याप्रमाणे पुरेसे धरले जाते. अमेरिकेतील प्रकाशशास्त्राच्या अशा सभेने स्ट्रिकलंडबाईंना हे सभासदत्व २००८ मध्ये दिले होते, आणि २०१३ मध्ये तर त्या सभेच्या अध्यक्षाच होत्या. म्हणजे दाराची दुसरी कडी आधीच काढलेली होती. तिला कोणी हात लावला नाही, इतकेच.

नोबेलची घोषणा झाली त्याच दिवशी पान तयार झाले. त्या वेळी बाई विद्यापीठात सहयोगी प्राध्यापकच होत्या. पूर्ण प्राध्यापकपद का नाही, असे विचारता, आपण कधी अर्जच केला नाही, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर त्यांनी तो केला, आणि पद मिळाले.