पागनिसांचे तुकोबा

देहूच्या तुकोबांचे, त्यांच्या हयातीतले म्हणून निर्विवाद मानता येईल असे चित्र आज उपलब्ध नाही. असे असूनही तुकोबांचे नाव निघताच एका अख्ख्या पिढीच्या डोळ्यांपुढे एकच मुद्रा उभी राहत असे : अर्धवट मिटलेले डोळे, किंचित कललेली मान आणि कोणी शिवी दिली तरी न मावळणारे स्मित. ती मुद्रा विष्णुपंत पागनिसांची. १९३६ साली ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला आणि तीनशे वर्षे केवळ अभंगांतून ऐकू येणाऱ्या पुरुषाला चेहरा लाभला.

पागनिसांचा जन्म १८९२ चा. रंगभूमीवर ते स्त्रीपार्टी नट म्हणून ओळखले जात. पुढे भजन हाच त्यांचा ध्यास झाला. स्त्रीवेशात गाजलेल्या नटाने संताची भूमिका करावी, हे दिग्दर्शक विष्णुपंत दामले यांना आरंभी रुचले नव्हते, असे सांगतात. पण जे वैगुण्य वाटले तेच कामी आले. त्या हालचालींतील मार्दव, आवाजातील आर्जव, अंग चोरून चालण्याची ती लकब. बलदंड नटाला हे साधते ना. दामले व फत्तेलाल या जोडीने त्यांना फारसा अभिनय करू दिला नाही, हे बरेच झाले. ते गातात, ऐकतात, आणि बहुतेक वेळ गप्प असतात.

लहान मुलांच्या मनावर मात्र पागनिस एकटे बिंबले नाहीत. त्यांच्यासमोर गौरीबाईंची जिजाई उभी होती. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणले आहे आणि धनी भजनात दंग. तेव्हा ही माउली पायातली वहाण घेऊन थेट विठोबाच्या अंगावर धावते. कोणत्याही कीर्तनात जिजाईची बाजू इतक्या मोकळेपणाने मांडली गेली असेल काय? भूक म्हणजे काय हे ठाऊक असलेली मुले जिजाईकडे झुकत, आणि पुढच्याच क्षणी पागनिसांचे स्मित पाहून बुचकळ्यात पडत. खरे कोणाचे, हा प्रश्न चित्रपट सोडवीत नाही. अभंगांच्या वह्या इंद्रायणीतून वर येतात, शिवाजीमहाराजांना पकडायला आलेल्यांना कीर्तनातला प्रत्येक श्रोता शिवाजीच दिसतो, शेवटी गरुड येतो. या चमत्कारांतील कारागिरी आजच्या डोळ्यांना उघडी दिसेल. जिजाईच्या संसाराला मात्र अजून कोठे खोटेपणा चिकटलेला नाही.

मुंबईत हा चित्रपट एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातील बीजाचे प्रसिद्ध पद शांताराम आठवल्यांनी रचलेले. पण ते तुकोबांचेच समजून गाथेत शोधणारे पुष्कळ निघाले. पदाचे जे झाले तेच नटाचेही. पागनिसांचे छायाचित्र तुकोबांचे म्हणून घरोघरच्या देव्हाऱ्यात गेले, आणि त्यापुढे हात जोडणाऱ्या मुलाला त्या नटाचे नाव माहीत असण्याचे कारणच उरले नाही. देहू कधी न पाहिलेल्या इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी मुलाला तर हेच तुकोबांचे पहिले दर्शन.

पुढे १९३९ साली ते ‘संत तुलसीदास’ झाले, १९४० साली विजय भट्ट यांच्या ‘नरसी भगत’मध्ये नरसी मेहता झाले. बडोद्याच्या मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला या योगाने एकाच चेहऱ्याचे दोन संत मिळाले : एक घरच्या भाषेचा, एक शेजारच्या. एका नटाने संतांपलीकडे जाऊच नये, ही त्या काळच्या प्रेक्षकांची अट होती आणि पागनिसांनी ती जवळजवळ पाळली. १९४३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतरही कित्येक वर्षे फिरत्या तंबूतल्या पडद्यावर ते तसेच वैकुंठाला जात राहिले, आणि पुढच्या रांगेतली पोरे माना वर करून त्या गरुडाकडे पाहत राहिली.