देवी टोचण्याचे वय

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस गायीच्या देवींची लस टोचण्यात आली, आणि बगदाद-बसऱ्यावरून आलेल्या त्या लसीचा, एका बालकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात असा, हिंदुस्थानातील प्रवास सुरू झाला. टोचावे कोणत्या वयात, याविषयी १८८० च्या सरकारी कायद्याने, ज्या नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीत तो जारी होई तेथपुरते, असे फर्माविले की, सहा महिने पूर्ण झालेल्या असंरक्षित बालकास पालकाने टोचून घ्यावे. मात्र ही सक्ती मुलाच्या बाबतीत चौदा वर्षांपर्यंत, तर मुलीच्या बाबतीत अवघ्या आठ वर्षांपर्यंत! या तफावतीचे मूळ बालविवाहात व पडद्यात असावे, असा माझा तर्क आहे. देवींचा रोग मात्र असा भेद जाणत नव्हता. लोकरूढीची मर्जी राखताना सरकारने नवव्या वर्षातील मुलीस कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले, हा दोष अक्षम्यच होय.