शेलारांचे तेर

तेरणेच्या काठचे तेर म्हटले की आधी आठवतात संत गोरोबाकाका. पण धाराशिव जिल्ह्यातल्या याच गावाशी शेलार या आडनावाचेही जुने नाते आहे. कितीतरी शेलारांनी ते पाहिलेलेही नसेल.

नवव्या ते तेराव्या शतकापर्यंत कोकणात आणि पुढे कोल्हापुरात शिलाहारांची घराणी नांदली. त्यांच्या लेखांत राजाचे बिरुद येते, ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचा धनी. तगर म्हणजे तेर, हे शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१च्या सुमारास दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तिथले कापड गाड्यांतून भडोचला जाई. ठाण्याला किंवा कोल्हापूरला राज्य करताना तेर शिलाहारांच्या हाती नव्हते. तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ते नाव सोडले नाही. मूळ गावाची अशी ओढ मला फार मोलाची वाटते.

कुळाच्या नावाची त्यांनी सांगितलेली कथाही देखणी आहे. गरुडाला रोज एक नाग द्यावा लागे. शंखचूडाची पाळी आली, त्याची आई रडू लागली, तेव्हा विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन त्याच्याऐवजी शिळेवर जाऊन बसला. शिळेवरचा आहार, म्हणून शिलाहार. राजांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता. ही फोड मात्र पंडितांनी मागाहून बसवलेली दिसते, कारण लेखांत सिलार, सियलार, सेलार अशी साधी रूपेही येतात. सेलारचे शेलार व्हायला फार लांब जावे लागत नाही.

राजाच्या नावाचे आडनाव होणे जगात इतरत्रही घडले. आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू १०१४ मध्ये क्लोंटार्फच्या लढाईत पडला. त्याच्या वंशजांचे नाव ओब्रायन, म्हणजे ब्रायनचा नातू किंवा वंशज. शिलाहारांचे कोकणातले राज्य तेव्हा भरात होते.

प्रत्येक शेलार राजवंशाचाच, असे यावरून ठरत नाही. घराण्याचे नाव सरदार, आश्रित, चाकरही लावत असत. पण शेलार मंडळींनी एकदा तेरला जावे. विटांचे त्रिविक्रम मंदिर पाहावे, लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहनकालीन वस्तू पाहाव्यात. आपल्या नावामागचे तगर तिथे डोळ्यांनी दिसते.