असाध्य कर्करोग्याची शुश्रूषा आणि शासनाचे दायित्व

असाध्य कर्करोगाच्या रुग्णाच्या कुटुंबाला एक दिवस इस्पितळात सांगितले जाते, ‘आता घरी घेऊन जा.’ रोगावरील उपचार तेथे संपतात. वेदना मात्र संपत नाहीत. वेदनांचे शमन, जखमांची निगा आणि रुग्णाला व त्याच्या आप्तांना मानसिक व आध्यात्मिक आधार, या सर्वांस उपशामक सेवा अर्थात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

या सेवेसाठी भारतातील पहिले हॉस्पिस, ‘शांती आवेदना सदन’, कर्करोगशल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी १९८६ साली वांद्रे येथे माउंट मेरी चर्चच्या परिसरात सुरू केले. तेथे रुग्णांची सेवा विनामूल्य होते. परंतु अशी घरे थोडीच आहेत, आणि आजरा-चंदगडच्या रुग्णाला मुंबई दूरच. केवळ दयाधर्मावर हा भार टाकून चालणार नाही.

राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. अनुच्छेद ४७ आरोग्यसुधारणेला राज्यसंस्थेचे प्राथमिक कर्तव्य मानतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी केंद्राचाही राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. तीव्र वेदनांवर मॉर्फिन हे प्रमुख औषध. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते रुग्णांना दुर्मिळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी देशभर एकच सुलभ पद्धत आणली. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य केंद्रांच्या सेवांतही उपशामक सेवेचा समावेश आहे.

धोरण आहे, कायदा आहे; उणीव आहे ती रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्याची. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचारांसाठी साहाय्य मिळते. पण घरी परतलेल्या रुग्णाला हवी असते वेदनाशामक गोळी आणि घरी येणारी प्रशिक्षित परिचारिका. तिची तरतूद करणे, डॉक्टरांना प्रशिक्षण देणे व मॉर्फिनचा पुरवठा अखंड ठेवणे, हे शासनाचे काम आहे.

आपल्या घरी असा रुग्ण असल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, आपल्या थोरल्या दवाखान्यात, या सेवेची लेखी मागणी करावी. धर्मग्रामातील बंधुभगिनींनी रुग्णाला भेटावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि त्या कुटुंबाचा अर्जही लिहून द्यावा. आपण मागतो ती भीक नव्हे, रुग्णाचा हक्क आहे.