हस्तउत्कीर्णन : शेगडा आणि विवर्धन

हस्तउत्कीर्णन : शेगडा आणि विवर्धन. धातूवर हाताने कलम चालवून नक्षी, अक्षरे किंवा चित्र कोरताना वस्तू घट्ट धरून हवी तशी फिरवणारे साधन म्हणजे शेगडा. कोरली जाणारी रेघ डोळ्याला मोठी करून दाखवणारे साधन म्हणजे भिंग किंवा सूक्ष्मदर्शक. दुकानात ही दोन्ही वेगवेगळी मिळतात, पण त्यांची निवड एकत्रच करावी लागते. शेगड्याची उंची व हालचाल भिंगाखाली मावली नाही, तर दोन्ही चांगली असूनही काम अडते.

जुनी पकड. ताम्रपटावर चित्र कोरणारे कारागीर पत्रा वाळूने भरलेल्या चामडी उशीवर ठेवत आणि कलम जवळजवळ स्थिर ठेवून पत्राच फिरवत. 1805 मध्ये मिरजेला छापलेली भगवद्‌गीता तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून छापली होती; ती अक्षरे उलटी कोरणारा कारागीर तांबट होता. बिदरी कामात भांडे मेणाने दगडावर बसवून कोरतात. सोनार लहान दागिना लाखेत रोवतो. बंदुकांवर हातोडी-छिन्नीने कोरणारे युरोपीय कारागीर उंच, जड शेगड्याभोवती उभ्याने फिरत. वस्तू जागेवर आणि माणूस फिरता, अशी ती पद्धत. सूक्ष्मदर्शक आल्यावर ती मोडली, कारण भिंग एका जागी खिळलेले असताना माणसाला फिरता येत नाही.

गोलाकार शेगडा. आज बहुतेक उत्कीर्णक बॉल व्हाइस वापरतात. भरीव लोखंडी गोळा कड्यावर किंवा खोलगट गादीवर ठेवलेला असतो, म्हणून तो कोणत्याही बाजूला कलतो. वरचा जबड्यांचा भाग बेअरिंगवर स्वतंत्रपणे गरगर फिरतो. सरळ रेघेत उजवा हात कलम पुढे नेतो. वळणाच्या रेघेत उजवा हात जागेवर राहून डावा हात शेगडा कलमाच्या दिशेने फिरवतो. वेलबुट्टीची वळणे गुळगुळीत येतात ती या डाव्या हातामुळे. म्हणून शेगडा पारखताना पहिली तपासणी बेअरिंगची: बोटाच्या हलक्या धक्क्याने वरचा भाग अडखळ न घेता फिरला पाहिजे आणि हलवून पाहिला तर डगडगता कामा नये. फिरण्याचा विरोध कमी-जास्त करणारा स्क्रू हवा, शिवाय पूर्ण जखडण्याची सोयही हवी. हातोडी-छिन्नीचे काम करणाऱ्याला तिच्यावाचून चालत नाही.

वजनाचा प्रश्न वस्तूवर ठरतो. मोठे शेगडे साधारण 10 ते 15 किग्रॅ. भरतात, अंगठ्या व लहान दागिन्यांसाठीचे 3 ते 5 किग्रॅ. सुरीचे पाते किंवा बंदुकीची बाजूपट्टी जबड्यांबाहेर लांब येते, तिच्या भाराने हलका गोळा आपोआप कलंडतो. उलट फक्त अंगठ्या कोरणाऱ्याने मोठा गोळा घेतला, तर दिवसभर विनाकारण लोखंड ढकलावे लागते. ‘जितका जड तितका चांगला’ हा सल्ला सरसकट दिला जातो. तो निम्माच खरा आहे.

उंचीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. गोळा आपल्या मध्याभोवती कलतो, आणि वस्तू त्या मध्याच्या वर असते. हे अंतर 60 मिमी. आहे असे धरू. शेगडा 20 अंश कलवला की कोरण्याची जागा सुमारे 20 मिमी. बाजूला सरकते आणि साडेतीन मिमी. खाली जाते. नुसत्या डोळ्याने काम करणाऱ्याला हे जाणवतही नाही. दहापट विवर्धनाखाली तीच जागा दृष्टिक्षेत्राबाहेर जाते, शिवाय प्रतिमा धूसर होते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली काम करायचे असेल तर बुटक्या जबड्यांचा शेगडा घ्यावा. सपाट पत्रे, नाणी अशी कामे असतील तर गोळ्याऐवजी नुसती फिरती तबकडी पुरते. ती कलतच नसल्याने ही अडचण उरत नाही. कोणत्याही शेगड्यावर कोरण्याची जागा फिरण्याच्या अक्षावर आणून घ्यावी, नाहीतर प्रत्येक वळणाला नक्षी भिंगाखालून पळते.

जबड्यांवरील भोकांत खुंट्या बसवून वेड्यावाकड्या आकाराची वस्तू धरता येते. खुंट्यांना चामडे किंवा पितळी टोप्या असल्या तर व्रण पडत नाहीत. नाजूक वस्तूसाठी गरम पाण्यात मऊ होणारे थर्मोप्लास्टिक वापरतात. ते वस्तूभोवती दाबून थंड केले की साचा तयार होतो आणि पुन्हा गरम करून वापरता येते. लाख व राळ आजही तितकीच चांगली धरतात, फक्त साफसफाईला वेळ घेतात.

विवर्धन. सर्वांत स्वस्त साधन डोक्यावर बांधायचे दुहेरी भिंग. त्याचे गणित सोपे आहे: भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये घ्यावी, तिला 4 ने भागावे आणि 1 मिळवावा, येते ते विवर्धन. 100 ला डायॉप्टरने भागले की कामाचे अंतर सेंमी. मध्ये मिळते. अमेरिकेतील डोनेगन कंपनीच्या ऑप्टिव्हायझरवर 4 आकडा असेल तर विवर्धन 2 पट व अंतर 25 सेंमी.; 10 असेल तर साडेतीन पट, पण अंतर फक्त 10 सेंमी., म्हणजे नाक कामाला टेकल्यासारखे. त्यामुळे 4 किंवा 5 क्रमांकाचे भिंग कोरण्यास सोयीचे, 7 पर्यंत चालते, त्यापुढे मान मोडते. घड्याळजीचे एका डोळ्याचे दहापट भिंग तपासणीला उत्तम. कोरायला नव्हे, कारण एका डोळ्याने खोली कळत नाही आणि कलमाचे टोक धातूत किती उतरले हे उत्कीर्णकाला खोलीवरूनच समजते.

त्यापुढचा टप्पा स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाचा. यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळ्या कोनांतून प्रतिमा मिळते. सामान्य झूम नमुन्यात वस्तुभिंग 0.7 ते 4.5 पट व नेत्रभिंग 10 पट, म्हणजे एकूण 7 ते 45 पट विवर्धन असते. हा पल्ला कोरण्यासाठी उगाच मोठा आहे. खाली 0.5 पट पूरक भिंग लावले की तो साडेतीन ते साडेबावीस होतो, दृष्टिक्षेत्र दुप्पट होते आणि भिंगाखालचे मोकळे अंतर सुमारे 100 मिमी. वरून दीडपटीहून अधिक वाढते. हात, कलम व दिवा यांना ही मोकळीक लागतेच. लायका ए 60 चा पल्ला मुळातच 5 ते 30 पट आहे.

दृष्टिक्षेत्र काढण्यासाठी नेत्रभिंगावर लिहिलेल्या क्षेत्रांकाला वस्तुभिंगाच्या विवर्धनाने भागावे. पूरक भिंग असेल तर दोहोंच्या गुणाकाराने. क्षेत्रांक 20 आणि वस्तुभिंग 1 पट असता 20 मिमी. एवढे वर्तुळ दिसते. अमेरिकेत 1913 ते 1938 या काळात पाडलेले बायसनचे पाच सेंटचे नाणे पुन्हा कोरून ‘होबो निकल’ करण्याची लोककला आहे. त्या नाण्याचा व्यास 21.2 मिमी., म्हणजे दहापटीला ते जेमतेम मावत नाही. आराखडा 4–5 पटीत, रेघा 8 ते 15 पटीत आणि छायेचे ठिपके 20 पटीच्या आसपास, असा क्रम व्यवहारात सोयीचा पडतो. इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया येथील बंदुकांवर सूक्ष्म ठिपके व रेघांनी छायाचित्रासारखे प्राणी कोरण्याची ‘बुलिनो’ पद्धत याच वरच्या टोकाची.

विवर्धन वाढले की प्रतिमेची स्पष्ट राहणारी खोली घटते, प्रकाश जास्त लागतो आणि हाताचा कंपही मोठा दिसतो. वर्तुळाकार एलईडी दिवा सूक्ष्मदर्शकासोबत हमखास विकतात, पण त्याच्या सर्व बाजूंच्या प्रकाशात रेघेची सावलीच पुसली जाते. एका बाजूने तिरपा येणारा आणि चकाकत्या पोलादासाठी दुधी कागदातून गाळलेला प्रकाश बरा. प्रतिमेची जुळणी आधी सर्वाधिक विवर्धनावर करावी, मग खाली येऊन नेत्रभिंगे जुळवावीत. उलट क्रमाने केली तर झूम बदलताच प्रतिमा बिघडते.

खरेदीचा क्रम. पैसे मोजके असतील तर आधी चांगला शेगडा आणि 4 किंवा 5 क्रमांकाचे डोक्यावरचे भिंग घ्यावे. डगमगणारा शेगडा महागड्या सूक्ष्मदर्शकाखाली फक्त मोठा डगमगताना दिसतो. सूक्ष्मदर्शक घेण्यापूर्वी बाकाची उंची, शेगडा, वस्तू, मोकळे अंतर आणि उपकरणाची उंची यांची बेरीज करावी. ती पाठ सरळ ठेवून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंतच यायला हवी. जास्त आली तर बाक कापावे किंवा शेगडा खालच्या चौरंगावर उतरवावा. उंच खुर्चीने पाय लोंबकळतात आणि हाताचा जोर जातो.