चेक मालकाला, घाम वाटेकऱ्याचा

सकाळी डवरा धरला. ठोक्याच्या चार एकरांत पऱ्हाटी वीतभर झालीय. बैलं तासातून नीट चालली, एक रोप तुडवलं नाही. त्यावरून अमेरिकेतल्या कपाशीची गोष्ट आठवली. मित्रहो, जरा वेळ काढून वाचा.

साल १९३३. मंदीत कापूस पौंडाला सहा सेंटांच्या आसपास घसरलेला. रूझवेल्ट सरकारनं मे महिन्यात कायदा केला, की पीक कमी करा, भरपाई आम्ही देतो. पण तोवर कपाशी शेतात उभी होती! मग उभं पीक नांगरायचे पैसे ठरले. सुमारे १ कोटी एकरांवरची कपाशी मोडली. सांगतात, की रोपावर पाय न देण्याची सवय लागलेली खेचरं ओळीवर चालायलाच तयार होईनात. आपल्या बैलांनीही तेच केलं असतं.

पण खरी गोष्ट पैशाची आहे. दक्षिणेत कापूस पिकवायचा वाटेकरी, जमीन मळेवाल्याची. १९३४-३५ च्या करारात जमीन पडीक ठेवायचं भाडं पौंडाला साडेतीन सेंट, ते सगळं मालकाचं. वर एक सेंट, तो दोघांत निम्मा. म्हणजे मालकाला चार आणि वाटेकऱ्याला अर्धा! तोही मालकाच्या हातातून, उधारी कापून. जमीन कमी पेरायची म्हटल्यावर माणसंही कमी लागणार. करारात लिहिलं होतं, की मालकानं शक्यतो तेवढीच कुळं ठेवावीत. त्या 'शक्यतो'नं घात केला.

आर्कान्सा राज्यात पॉइन्सेट काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. तिथल्या टायरोन्झा गावाजवळ एका मळ्यावरून २३ कुटुंबं काढली. जुलै १९३४ मध्ये ११ गोरे आणि ७ काळे शेतकरी एका शाळेत जमले नि वाटेकऱ्यांची युनियन काढली. त्या मुलखात, त्या काळात एका खोलीत एकत्र बसणं ही लहान गोष्ट नव्हती. १९३५ च्या सुरुवातीला शेतीखात्यातले काही वकील म्हणाले, की जुनी कुळं बदलता येणार नाहीत. नोकरी त्या वकिलांचीच गेली. पुढे वाटेकऱ्याचा हिस्सा वाढला, तर कित्येक मालकांनी वाटेकरीच बंद केले, रोजंदारीची माणसं लावली, ट्रॅक्टर घेतले.

आता आपलं बघा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. राज्याचे नमो सन्मानचे ६,००० त्याच यादीला. ठोका तोंडी असतो, कारण कागद केला तर कूळ लागेल ही मालकाची धास्ती. ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ओडिशानं मात्र २०१८ च्या डिसेंबरात कालिया योजना आणली, तिच्यात वाटेकऱ्यांनाही धरलं होतं.

मागच्या वर्षी अतिवृष्टीत माझी बोंडं सडली. मदत मालकाच्या खात्यात गेली. मागितल्यावर निम्मी मिळाली, तीही उपकार केल्यासारखी. बियाणं, खत, फवारणी सगळं माझं होतं. यंदा ठोक्याचे पैसे मोजताना म्हटलं, एका ओळीचा कागद करू, मदत आली तर पेरणाऱ्याला. मालक म्हणाले, "बघू."

तुमच्यापैकी कुणी असा कागद केला असेल, तर त्याचा मजकूर मला पाठवा. दिवाळीआधी हवाय.